किन्नौर ते स्पिती: खालचा रस्ता, वरची गावे

शिमल्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५ नारकंड्याला सुमारे २,७०० मीटर उंची गाठतो आणि मग वळणे घेत सतलजच्या काठी रामपूरला उतरतो, तेव्हा तो जेमतेम हजार मीटरवर असतो. इथून पुढे नदीची सोबत सुटत नाही. आधी सतलज, खाबपासून स्पिती आणि कुंझुम खिंडीपलीकडे चंद्रा, अशा तीन नद्यांचे काठ धरून ही वाट हिमाचल प्रदेशातील किन्नौर, स्पिती आणि लाहौल हे तीन मुलूख ओलांडते आणि मनालीच्या बाजूला बाहेर पडते. शिमला ते स्पितीतले काझा हे अंतर सुमारे ४२० किलोमीटर. नकाशावर हा दोन दिवसांचा प्रवास दिसतो आणि तसा तो करणारेही असतात. त्यांना नदी दिसते, कडे दिसतात, धाबे दिसतात. गावे मात्र फारशी दिसत नाहीत, कारण ती बहुतांशी या रस्त्यावर नाहीतच.

याचे कारण भूगोलात आहे. सतलज आणि स्पिती या नद्यांनी डोंगर उभे कापत खोल, अरुंद घळी कोरल्या आहेत. तळाशी ऊन थोडा वेळ पोहोचते, पूर येतो, दरडी कोसळतात आणि नांगर फिरवायला सपाट जागा नसते. त्याउलट काठापासून दोनशे ते हजार मीटर वर, जुन्या हिमनद्यांनी आणि नाल्यांनी आणून टाकलेल्या मातीचे उतरते पट्टे आहेत. तिथे दिवसभर ऊन असते आणि वरच्या बर्फाचे पाणी कालव्याने आणता येते. वस्ती तिथेच झाली. गावागावांना जोडणाऱ्या पायवाटाही त्याच उंचीवरून, धारेधारेने गेल्या. मोटाररस्ता आला तो विसाव्या शतकात, आणि त्याने नदीचा तळ धरला, कारण तिथे चढ कमी. त्यामुळे कल्पा, कानम, धनकर, लांगझा, कोमिक या साऱ्यांसाठी महामार्ग सोडून फाट्याने वर जावे लागते, आणि पुष्कळदा गाडी उभी करून पायी निघावे लागते.

उन्हाळा नेमका कधी

मराठी माणसाचा उन्हाळा एप्रिल-मेचा. शाळांच्या सुट्ट्या तेव्हा असतात आणि सहलीही तेव्हाच ठरतात. स्पितीत मात्र मे महिन्यात शेतात नांगरट नुकती सुरू झालेली असते आणि ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड बर्फाखाली असते. रस्त्याची यंत्रणा बर्फ कापत पोहोचेपर्यंत मे अखेर किंवा जूनचा मध्य उजाडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या मोठ्या हिमवर्षावाबरोबर खिंड पुन्हा बंद होते. म्हणजे मेच्या सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबाने काझापर्यंत जाऊन किन्नौरमार्गेच परतण्याची तयारी ठेवावी. सगळे वर्तुळ पुरे करायचे असेल तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर हे खरे दिवस.

मधले दोन महिने फसवे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत आकाश बहुधा निळे असते, कारण मोसमी वारे धौलाधार, पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या दक्षिण उतारांवर पाणी सांडून रिते झालेले असतात. महाबळेश्वर भिजते आणि पूर्वेचा माण तालुका कोरडा राहतो, त्याच न्यायाने. पण स्पितीला पोहोचण्याचा रस्ता पावसाच्या बाजूने जातो. रामपूर ते रिकाँग पिओ या टप्प्यात याच दिवसांत दरडी कोसळतात. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून सुटलेले दगड पर्यटकांच्या गाडीवर आदळून नऊजण दगावले. तेथील पूलही त्या दगडांनी मोडून नदीत पडला. पुढच्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, निगुलसरीला महामार्गावर कोसळलेल्या दरडीने २८ बळी घेतले. स्पितीतले कोरडे आकाश पाहून जुलैचा बेत आखणाऱ्याने हा खालचा टप्पा आधी विचारात घ्यावा.

दरडींची कारणे एकाहून अधिक आहेत. उतार तीव्र आहेत, खडक भेगाळलेले आहेत. हिवाळ्यात भेगांत गोठणारे पाणी दगड सैल करते, ते उन्हाळ्यात सुटतात. त्यात भूकंपप्रवणतेची भर. १९ जानेवारी १९७५च्या किन्नौर भूकंपाची तीव्रता ६.८ होती. आणि याच खोऱ्यात माणसानेही बरेच खोदले आहे. नाथपा-झाकडी हा १,५०० मेगावॉटचा आणि करछम-वांगतू हा सुमारे हजार मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, दोन्हींसाठी सतलज डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी वळवली आहे. कित्येक किलोमीटर रस्त्यालगतच्या पात्रात पाणी का दिसत नाही, याचे उत्तर या बोगद्यांत आहे. प्रकल्पांविरुद्ध किन्नौरमधल्या गावांनी अनेक वर्षे आवाज उठवला आहे, आणि त्यांचे म्हणणे भाबडे नाही.

जुनी वाट

सतलजच्या खोऱ्यातून तिबेटकडे जाणारा व्यापार मोटारीपेक्षा फार जुना. तिकडून लोकर, पश्मीना, मीठ. इकडून धान्य, गूळ, कापड. या देवघेवीचा शेवटचा टप्पा रामपूर. बुशहर संस्थानची ही राजधानी, आणि नोव्हेंबरात भरणारी तिथली लवी जत्रा याच व्यापारातून वाढली. १८५०मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने शिमल्याकडून तिबेटच्या सीमेकडे जाणारा खेचरवाटेचा रस्ता बांधायला घेतला. हाच हिंदुस्तान-तिबेट रस्ता. तो नदीच्या तळाने गेला नाही. वांगतूला सतलज ओलांडून उर्नी, रोघी, चिनी, पांगी, जांगी, कानम अशा वरच्या गावांना शिवत तो शिपकी खिंडीकडे सरकत होता. यातले चिनी म्हणजे आजचे कल्पा.

या वाटेवरचा सर्वांत चिवट प्रवासी कदाचित हंगेरीचा भाषाभ्यासक अलेक्झांडर चोमा द कोरोश. १८२७ ते १८३० ही तीन वर्षे तो कानमच्या बौद्ध मठात एका लामाच्या सोबतीने तिबेटी ग्रंथ वाचत राहिला. रस्ता बांधला जाण्यापूर्वीचा हा काळ, म्हणजे तो पोहोचला तो पायवाटेनेच. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण १८३४मध्ये कलकत्त्यात छापले गेले आणि तिबेटी भाषेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घातला गेला. कानम आजही महामार्गावरून थेट दिसत नाही. स्पिलोच्या अलीकडे-पलीकडे वर पाहत गेले तर जर्दाळूच्या बागांतून त्याची छपरे दिसतात.

१९६२च्या युद्धाने व्यापार थांबला, आणि सैन्याची रसद पोहोचवण्यासाठी खालचा मोटाररस्ता वेगाने पुढे नेण्यात आला. जुना रस्ता तुकड्यातुकड्यांत उरला. काही तुकडे गाडीरस्त्यांनी गिळले, काही शेळ्यामेंढ्यांच्या वाटा झाले. कल्पा ते रोघी हा त्यातला चालण्याजोगा आणि सोपा तुकडा. सफरचंदाच्या बागा आणि देवदारांतून कड्याच्या कडेने जाणारी ही वाट अर्ध्या दिवसात जाऊन-येऊन होते, आणि समोर सारा वेळ किन्नर कैलासचा डोंगर असतो.

रामपूर ते कल्पा

रामपूरच्या पुढे झाकडीजवळ ज्युरीला सराहनचा फाटा फुटतो. सराहन सुमारे २,१०० मीटरवर आहे आणि भीमाकालीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, अशी आळीपाळीने रचलेली त्याची भिंत ही काठकुणी बांधणी. चुना किंवा सिमेंट न वापरता सांधलेल्या या भिंती भूकंपात किंचित हलतात, पण ढासळत नाहीत. रस्त्यालगतच्या गावांत आता काँक्रीटचे चार-चार मजले उभे राहत आहेत. १९७५च्या भूकंपाचा अनुभव त्यांच्या बाजूने बोलत नाही.

पुढे तरांडा ढांकचा कडा कोरून काढलेला रस्ता लागतो, जिथे छतही खडकाचेच असते, आणि मग करछम. इथे बास्पा नदी सतलजला मिळते. बास्पाच्या काठाने वर चढणारा फाटा सांगला, रक्छम आणि शेवटी ३,४५० मीटरवरच्या छितकुलला नेतो. सांगल्याच्या वर कामरूचा किल्ला आहे. लाकडी, उंच, बुरुजासारखा. बुशहरच्या राजांचे हे मूळ ठाणे. खोऱ्यात उन्हाळ्याच्या अखेरीस ओगला आणि फाफरा, म्हणजे कुट्टूच्या दोन जाती, फुलतात आणि रक्छमजवळची शेते गुलाबी होतात. अलीकडे हे पीक मागे हटून बटाटा, वाटाणा आणि सफरचंद पुढे आले आहे, कारण पैसा त्यांत आहे.

छितकुल हे भारताच्या बाजूचे शेवटचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले आणि त्या प्रसिद्धीने त्याचे थोडे नुकसानच केले. ‘शेवटचा धाबा’ असे लिहिलेल्या पाटीपुढे छायाचित्र काढून बहुतेक गाड्या वळतात. खरी गंमत त्यापुढे पायी सुरू होते. बास्पाच्या काठाने नागस्तीच्या सीमा पोलिसांच्या चौकीकडे जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे, मुलांना आणि वयस्कांनाही झेपणारी. चौकीपुढे जाण्यासाठी परवाना लागतो का, हे आधी विचारून घ्यावे. कसलेल्या ट्रेकरांसाठी छितकुल म्हणजे किन्नर कैलास परिक्रमेचा शेवट. ठंगी-चारंगकडून येणारी ही वाट ५,२०० मीटरच्या आसपास असलेली लालंती खिंड ओलांडून इथे उतरते, आणि तिचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो.

करछमला परत येऊन महामार्गाने रिकाँग पिओ, आणि तिथून वर कल्पा. पिओ हे किन्नौर जिल्ह्याचे मुख्यालय: बाजार, बस स्थानक, रुग्णालय, बँका. मुक्कामाला मात्र २,९६० मीटरवरचे कल्पा बरे. गावात हिंदू देवतेचे मंदिर आणि बौद्ध लाखांग, म्हणजे देऊळ, शेजारी आहेत, आणि गावकऱ्यांना दोन्ही लागतात. किन्नौरमध्ये हे सर्रास आढळते. शाळामास्तर श्याम सरन नेगी याच गावचे. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, देशात इतरत्र मतदानाला महिने उरलेले असताना, त्यांनी इथे मत दिले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले मतदार ठरले. एवढी घाई का, तर बर्फ. हिवाळ्यात मतदान घेणे अशक्य म्हणून इथली निवडणूक आधी उरकण्यात आली होती. नेगी २०२२मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, निवर्तले.

कल्प्याभोवतीच्या उतारांवर चिलगोजा पाइनची झाडे आहेत. भारतात हे झाड मोजक्याच ठिकाणी वाढते आणि त्यात किन्नौर प्रमुख. बाजारात महाग मिळणारा चिलगोजा शंकूतून काढण्यासाठी शंकू झाडावरूनच काढून घ्यावे लागतात. फांद्या तोडून काढण्याच्या घाईने आणि सगळेच बी गोळा केल्याने नवी रोपे कमी उगवतात, हा वनखात्याचा जुना घोर आहे.

पावसाची सीमा ओलांडताना

पिओच्या पुढे तासाभरात झाडी विरळ होते, चिलगोजाही मागे पडतो आणि डोंगर उघडे होतात. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. सतलज इथे उजवीकडून, शिपकीच्या बाजूने, तिबेटातून येते. महामार्ग क्रमांक ५ तिच्याबरोबर जातो. काझाकडे वळणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५०५. पिओच्या पुढचा सीमेलगतचा टप्पा परदेशी प्रवाशांना परवान्याशिवाय ओलांडता येत नाही. भारतीयांना ओळखपत्र पुरते.

खाबपासून वळणावळणांनी रस्ता नाकोला, ३,६६० मीटरवर चढतो. गावाला लागून छोटे तळे, भोवती विलो आणि पॉपलर, आणि अकराव्या शतकातली जुनी देवळे. मागे रिओ पुरग्यिल, ६,८१६ मीटर, हिमाचलातले सर्वोच्च शिखर. पुढचा मलिंग नाला अनेक दशके या रस्त्याचा शत्रू ठरला आहे. संपूर्ण उतारच सरकता असल्यामुळे रस्ता वारंवार वर ढकलावा लागला.

सुमदोनंतर उजव्या हाताला ग्यूचा फाटा आहे. तिथे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या एका भिक्षूचे बसलेले शव काचेमागे ठेवले आहे, केस आणि दात शाबूत. मसाला न भरता, केवळ थंडी आणि कोरड्या हवेने टिकलेले. १९७५च्या भूकंपानंतर ते उघडे पडले.

ताबो मात्र धावत्या भेटीत उरकण्याचे ठिकाण नव्हे. नदीकाठच्या रुंद पट्ट्यावर मातीच्या भिंतींच्या आत नऊ मंदिरे आणि काही स्तूप आहेत. मुख्य मंदिराची स्थापना इसवी सन ९९६मधली. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने बौद्ध धर्माच्या पुनरुज्जीवनासाठी तरुणांना काश्मीरला शिकायला पाठवले होते. त्यांच्यातूनच रिन्चेन झांगपो हा थोर अनुवादक घडला. अनेक संस्कृत ग्रंथ त्याने तिबेटीत नेले, आणि परतताना काश्मीरचे कारागीरही आणले. १०४२च्या सुमारास झालेल्या डागडुजीत भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या. आज तिथे दिसणारी चित्रे प्रामुख्याने त्या काळातली, आणि त्यांत काश्मिरी हात स्पष्ट ओळखू येतो: वस्त्रांवरची बारीक नक्षी, लांबट डोळे, सडपातळ कंबर. काश्मीरमध्ये त्या काळची भित्तिचित्रे उरली नाहीत, म्हणून काश्मिरी चित्रकला पाहायची तर आज इकडे यावे लागते.

आतल्या सभागृहात भिंतींवर माणसाच्या उंचीच्या वर मातीच्या तीसहून अधिक मूर्ती टेकवून बसवल्या आहेत आणि मध्ये चतुर्मुख वैरोचन आहे. सगळे मिळून एक मंडल होते, आणि त्यात उभे राहणारा माणूस मंडलाच्या आत असतो. खिडक्या नाहीत. डोळे सरावायला दहा मिनिटे जातात. छायाचित्रण बंद आहे, ते योग्यच. मंदिराचे संरक्षण पुरातत्त्व विभागाकडे आहे. पूजा अजून चालू आहे. धर्मगुरू दलाई लामांनी सहस्राब्दीच्या निमित्ताने १९९६मध्ये इथे कालचक्र दीक्षा दिली. मातीच्या या इमारती हजार वर्षे टिकल्या त्या पाऊस पडत नव्हता म्हणून. क्वचित होणारी मोठी सरसुद्धा त्यांच्या छपरांना धोक्याची.

धनकर, पिन आणि वरची वस्ती

ताबोहून काझाकडे जाताना शिचलिंगला धनकरचा फाटा आहे. स्पितीची ही जुनी राजधानी ३,८९० मीटरच्या आसपास, पिन आणि स्पिती या नद्यांच्या संगमावर सुळक्यांच्या टोकाला चिकटलेली आहे. जुना गोंपा (मठ) ज्या मातीच्या कड्यावर उभा आहे तोच कडा झिजतो आहे. २००६मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने त्याचा समावेश जगातील धोक्यातल्या शंभर वास्तूंत केला. गावाच्या वर तासाभराच्या चढाईवर धनकरचे तळे आहे. ही चढण छोटी वाटते, पण चार हजार मीटरवर ती छातीत कळते. ताबोला एक रात्र काढून इथे येणारा ती निवांत चढतो, मनालीहून घाईने आलेला धापा टाकतो.

पिन नदीचे खोरे थोडे वेगळे. इथले बहुतेक मठ न्यिंगमा पंथाचे, घोडे चुमुर्ती जातीचे. १९८७मध्ये पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. रस्त्याच्या टोकाला मुद गाव आहे आणि तिथून दोन नामवंत वाटा फुटतात. पिन-पार्वती ५,३०० मीटरच्या पुढची, हिमनदीवरून जाणारी, दोर आणि वाटाड्याशिवाय न करण्यासारखी. पिन-भाबा त्या मानाने सौम्य, ४,९०० मीटरच्या आतली, आणि या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलकी. ती वांगतूजवळच्या भाबा खोऱ्यातील काफनूहून निघते. चार-पाच दिवसांत चालणारा माणूस हिरव्या कुरणांतून, भूर्जवनांतून वर येतो, खिंडीवर उभा राहतो आणि पलीकडे पाऊल टाकताच तपकिरी, जांभळ्या, गवताची काडी नसलेल्या डोंगरांत उतरतो. मोटाररस्त्याने जो बदल दोन दिवसांत हळूहळू येतो, तो इथे एका खिंडीवर घडतो.

काझा हे स्पितीचे प्रशासकीय केंद्र. बाजार, रुग्णालय आणि ३,७०० मीटरच्या वर असलेला, जगातला सर्वांत उंच म्हणून मिरवला जाणारा पेट्रोल पंप. टाकी इथे भरून घ्यावी, आणि रोकड आधीच जवळ असावी. आजूबाजूची गावे इथून वर. की गोंपा डोंगराच्या टेकाडावर रचलेल्या घरांच्या ढिगासारखा आहे. मंगोल, डोगरा, भूकंप असे सगळे सोसून पुन्हा पुन्हा बांधलेला, म्हणून त्याचा आराखडा असा वेडावाकडा. पुढे ४,२०० मीटरच्या वरचे किब्बर. पारांग खिंडीतून लडाखच्या त्सो मोरीरीकडे जाणारा इथला जुना व्यापारमार्ग आता ट्रेकरांचा झाला आहे. किब्बरजवळच्या चिचमला २०१७पर्यंत घळीवरून लोखंडी तारेवरच्या पाळण्यात बसून जावे लागे. आता तिथे पूल आहे, आणि लोक पुलाचे फोटो काढतात. किब्बरच्या अभयारण्यातला हिमबिबट्या उन्हाळ्यात दिसत नाही. निळी मेंढी आणि आयबेक्स दिसतात, तेवढ्यावर समाधान मानावे.

लांगझा, हिक्किम, कोमिक ही तीन गावे काझाच्या डोक्यावरच्या पठारावर आहेत. लांगझ्याजवळच्या काळ्या मातीत अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. शंखाच्या आकाराचे हे सागरी जीव सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक काळातले. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना मध्ये टेथिस समुद्र होता; सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड भिडले, समुद्राचा तळ घडी पडून वर आला. भूवैज्ञानिक फर्डिनांड स्टोलिक्झ्का याने १८६४पासून स्पितीच्या थरांचा अभ्यास केला, आणि पुढे १८७४मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखात, बहुधा उंचीच्या आजाराने, त्याचा मृत्यू झाला. गावात मुले अमोनाइट विकायला आणतात. ते विकत घेऊ नयेत. मागणी वाढली की उतार खणले जातात.

हिक्किमचे डाकघर १९८३पासून चालू आहे, सुमारे ४,४४० मीटरवर, आणि तिथले टपाल पायी काझाला जाते. कोमिकच्या पाटीवर मोटाररस्त्याने जोडलेले जगातील सर्वोच्च गाव, ४,५८७ मीटर, असे लिहिलेले आहे. ते खरे नाही. पेरूमधील ला रिंकोनादा हे खाणगाव ५,१०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथे मोटारी जातात. पाटीशिवायही कोमिक पाहण्यासारखे आहे. इथून डेमुल, ल्हालुंग, धनकर अशी गावोगाव मुक्काम करत उतरणारी तीन-चार दिवसांची पायवाट आहे. वाटेत तंबू लागत नाही. घरात राहायचे, जवाचा सत्तू, थुक्पा, लोणीचहा, आणि रात्री चुलीपाशी ऊब. काही गावांत पाहुण्यांचा मान पाळीपाळीने घरांकडे जातो, त्यामुळे एकाच घराची भरभराट होत नाही.

या घरांमागची व्यवस्था समजून घेतली तर गाव अधिक कळते. स्पितीत परंपरेने जमीन आणि मोठे घर थोरल्या मुलाकडे जाते. आई-वडील आणि इतर भावंडे जोडलेल्या धाकट्या घरात राहतात, आणि धाकटे मुलगे पूर्वी मठात जात. शेतीची जमीन मोजकी असल्याने ती तुकडे होऊ नये, यासाठी ही रीत. पाणी कुल्ह म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटाने येते आणि वाटपाची पाळी गाव ठरवतो. पूर्वी जव आणि काळा वाटाणा हीच पिके होती. हिरव्या वाटाण्याने काही दशकांत सगळे बदलले. इथला वाटाणा उन्हाळ्यात निघतो, मैदानात तेव्हा वाटाणा नसतो. हिवाळ्यात बर्फ कमी पडले की पाटाला उन्हाळ्यात पाणी कमी येते. म्हणून पर्यटकाने अंघोळीला बादलीभर पाणी मागताना थोडे थांबावे, आणि कोरडा संडास आनंदाने वापरावा. तो खतासाठी आहे.

दिशा आणि उंची

शिमल्याकडून जावे की मनालीकडून, हा प्रश्न चवीचा नाही, शरीराचा आहे. काझाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहून किंचित कमी असतो आणि कुंझुमवर ६० टक्क्यांहून खाली येतो. कळसूबाईपेक्षा काझा दुपटीहून उंच आहे. शरीर याला सरावते, पण दिवसांच्या हिशेबाने. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. सराहन, सांगला, कल्पा, नाको, ताबो अशी मुक्कामांची माळ हा नियम बराचसा आपोआप पाळते. मनालीहून आल्यास २,००० मीटरवरून एकाच दिवसात कुंझुमपर्यंत उडी पडते.

डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही सुरुवात. ती लपवून पुढे चढत राहिल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचण्याची पाळी येते, आणि त्यावर खाली उतरण्याला पर्याय नसतो. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. ती खाली उतरण्याची जागा घेत नाही. मद्य पहिल्या दोन दिवसांत टाळावे.

कुंझुमपलीकडे

काझाहून लोसर हे स्पितीचे शेवटचे गाव, आणि मग कुंझुम. खिंडीवरच्या देवीच्या छोट्या मंदिराला चालक गाडीसकट प्रदक्षिणा घालतात. पलीकडे उतरल्यावर चंद्रा नदी आणि बातलचे धाबे लागतात. बातलहून १४ किलोमीटरवर चंद्रताल. ४,२५० मीटरवरच्या या तळ्याला २००५मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. गाडी किनाऱ्यापर्यंत नेता येत नाही आणि काठावर तंबू लावण्यास बंदी आहे. तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात. जुलै २०२३मध्ये अवकाळी बर्फामुळे अडीचशेहून अधिक पर्यटक इथे अडकले आणि त्यांना बाहेर काढायला दिवस लागले, म्हणून चंद्रताल बेतात असेल तर एक जास्तीचा दिवस हाती असावा. तळ्यावरून बारालाचा खिंडीकडे जाणारी तीन दिवसांची पायवाट नाले ओलांडत जाते. ते पहाटे ओलांडावेत. सूर्य चढला की हिमनद्या वितळतात आणि दुपारी तोच ओढा कमरेपर्यंत येतो. रस्त्यावरच्या नाल्यांनाही हेच लागू, म्हणून काझाहून पहाटे निघणाऱ्या गाड्या शहाण्या.

बातल ते ग्रांफू हे पन्नासेक किलोमीटर खडक, पाणी आणि गोटे यांचे. चार-पाच तास सहज जातात. छत्रूला हामटा खिंडीची, म्हणजे गद्दी मेंढपाळांची जुनी वाट येऊन मिळते. उन्हाळ्यात हे मेंढपाळ कांगडा-चंब्याहून कळप घेऊन लाहौलच्या कुरणांत येतात आणि सप्टेंबरात परततात. घाईत असलेल्या गाडीने त्यांच्या मेंढ्यांपुढे थांबावे. ग्रांफूच्या पुढे, लाहौलच्या बाजूला, ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा रोहतांगचा वळसा वाचवून मनालीकडे उतरतो. त्याने लाहौल बाराही महिने मोकळे केले. कुंझुम मात्र अजूनही सहा महिने बंद असते आणि हिवाळ्यात स्पितीला जाण्याची वाट किन्नौरमार्गेच उरते.

ज्यांना स्वतःची गाडी नसेल त्यांनी रिकाँग पिओहून काझाकडे जाणारी राज्य परिवहनची बस धरावी. ती सकाळी निघते, रस्ता तिच्या चालकांइतका कुणाला माहीत नाही, आणि खर्च थोडाच. स्वतःची गाडी असेल तर ती जमिनीपासून उंच हवी, रात्रीचा प्रवास नको. हाती पूर्ण दहा-बारा दिवस असतील तर वर्तुळ पुरे करावे. एकच आठवडा असेल तर सराहन, छितकुल आणि कल्पा एवढेच करून त्याच रस्त्याने परतावे. काझा त्यात कोंबू नये.